डॉसमधील वर्डस्टार आणि आजचा संगणक: मजकुराची ने-आण कशी करावी

आज आपण एका खिडकीतला मजकूर उचलून दुसऱ्या खिडकीत चिकटवतो, तेव्हा मधली सगळी हमाली कार्यप्रणाली करत असते. क्लिपबोर्ड कोणत्याही एका प्रोग्रामच्या मालकीचा नसतो, तो सगळ्यांचा सामायिक असतो. विंडोजच्या आधीच्या डॉस या कार्यप्रणालीत एका वेळी एकच प्रोग्राम चालत असे, त्यामुळे अशी सामायिक जागा ठेवण्याचे कारणच नव्हते. १९७८ मध्ये सीपी/एम या प्रणालीसाठी बाजारात आलेल्या आणि १९८२ मध्ये डॉसवर उतरलेल्या वर्डस्टार या वर्ड प्रोसेसरमध्ये मजकुराचा तुकडा निवडून हलवण्याची उत्तम सोय होती, पण तो तुकडा वर्डस्टारच्या चार भिंतींबाहेर कधी पडत नसे. बाहेर पडायचा एकच दरवाजा होता, तो म्हणजे फाइल.

हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'चे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन आपले लेखन डॉसवरच्या वर्डस्टार ४.० मध्ये करतात, हे त्यांनी स्वतः २०१४ मध्ये सांगितले होते. कॅनडातील विज्ञानकथाकार रॉबर्ट जे. सॉयर यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये वर्डस्टार ७ चा संपूर्ण संच, माहितीपुस्तिकांसह, सर्वांसाठी खुला केला. आपल्याकडे मात्र गरज बहुधा उलट्या बाजूने येते. कोणाच्या तरी माळ्यावर फ्लॉपींचा डबा सापडतो आणि त्यातला मजकूर आजच्या दस्तऐवजात हवा असतो. हा लेख दोन्ही दिशांसाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. क्लिपबोर्ड हा या प्रवासाचा फक्त शेवटचा टप्पा आहे. खरा प्रवास फाइलमधल्या बाइटांचा, म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्यांचा, असतो, आणि प्रत्येक बाइटचा अर्थ ती फाइल कोणत्या प्रोग्रामने लिहिली यावर ठरतो. तो अर्थ आधी ओळखून रूपांतर नेमके एकदाच केले तर मजकूर शाबूत पोहोचतो. आधी चिकटवून मग दुरुस्त करू, असे म्हटले की घोळ सुरू होतो.

पहिली पायरी: पुलाचा फोल्डर

६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवत नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच आहे. त्यामुळे विंडोज असो, मॅक असो किंवा लिनक्स, डॉसचा प्रोग्राम चालवायला डॉसबॉक्ससारखा अनुकारक, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, लागतो. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बनलेला आहे आणि त्याच्या ०.७४-३ या आवृत्तीत क्लिपबोर्डची सोय नाही. वर्ड प्रोसेसरसाठी त्याचीच पुढची शाखा असलेला डॉसबॉक्स-एक्स घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या संगणकावर दोन फोल्डर करावेत. एकात वर्ड प्रोसेसर ठेवावा आणि तो डॉसबॉक्समध्ये 'माउंट' आज्ञेने सी ड्राइव्ह म्हणून जोडावा. दुसरा फोल्डर केवळ ने-आणीसाठी ठेवून डी ड्राइव्ह म्हणून जोडावा. याला मी पुलाचा फोल्डर म्हणतो. त्यात कोणतीही मूळ फाइल ठेवू नये, फक्त प्रती ठेवाव्यात. फाइलचे नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढचे विस्तारनाम तीन अक्षरांचे, या डॉसच्या मर्यादेत बसणारी नावे द्यावीत, कारण लांब नावे डॉसच्या बाजूला कापलेली दिसतात. वर्डस्टार ३.३ ला उपफोल्डरांचे मार्ग समजत नाहीत, ही सोय १९८७ च्या ४.० आवृत्तीपासून आली. त्यामुळे ३.३ वापरत असाल तर पूल थेट ड्राइव्हच्या मुळाशीच असू द्या.

इथे नवखा माणूस हमखास अडतो. आधुनिक बाजूने पुलावर टाकलेली फाइल डॉसच्या बाजूला दिसतच नाही. फाइल हरवलेली नसते, डॉसबॉक्सने फोल्डरची यादी आधीच वाचून ठेवलेली असते. डॉसच्या सूचक ओळीवर 'रीस्कॅन' ही आज्ञा दिली की नवी फाइल दिसते.

मूळ जुना संगणकच चालू असेल तर पुलाची जागा फ्लॉपी किंवा सीरियल केबल घेते. यूएसबीला लागणारे फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंचांच्याच फ्लॉपी वाचतात, सव्वापाच इंचांसाठी जुना ड्राइव्हच लागतो. सीरियल केबलने ९६०० बॉड वेगाने सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे जातात, म्हणजे १५,००० अक्षरांचा लेख १६ सेकंदांत पोहोचतो. 'कॉपी' आज्ञेने सीरियल पोर्टकडे फाइल पाठवताना तिरकी रेघ आणि 'बी' हा पर्याय जरूर द्यावा. तो दिला नाही तर २६ क्रमांकाचा पहिला बाइट भेटताच 'कॉपी' फाइल संपली असे समजून थांबते.

दुसरी पायरी: फाइल कोणाची आहे ते ओळखणे

फाइल नोटपॅडमध्ये न उघडता हेक्स दर्शकात, म्हणजे प्रत्येक बाइट आकड्यात दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडावी. पुढचे सगळे आकडे मी दशमान पद्धतीत देत आहे, दर्शक षोडशमान आकडे दाखवत असेल तर त्यातच रूपांतराची सोय बहुधा असते. पहिला बाइट २५५ आणि त्यापुढे डब्ल्यू, पी, सी ही तीन अक्षरे असतील तर फाइल वर्डपरफेक्ट या दुसऱ्या जुन्या वर्ड प्रोसेसरची आहे. पहिला बाइट २९ आणि दुसरा १२५ असेल तर ती वर्डस्टार ५ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीची आहे. यापैकी काहीच नसेल, इंग्रजी मजकूर वाचता येत असेल, पण शब्दांची शेवटची अक्षरे विचित्र दिसत असतील, तर ती वर्डस्टार ३ किंवा ४ मधील दस्तऐवज पद्धतीची फाइल आहे.

हा शेवटचा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. आस्की या इंग्रजी अक्षरांना आकडे देणाऱ्या संकेताला सातच बिट लागतात, म्हणजे ० ते १२७ एवढेच आकडे. आठवा बिट मोकळा होता, म्हणून वर्डस्टारने तो स्वतःच्या खुणेसाठी घेतला आणि शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर लावला. इंग्रजी 'ई' म्हणजे १०१. त्यात १२८ मिळवले की २२९ होतात. डॉसच्या ४३७ क्रमांकाच्या कोडपेजवर, म्हणजे कोणता आकडा कोणते अक्षर हे ठरवणाऱ्या तक्त्यावर, २२९ म्हणजे ग्रीक सिग्मा, तर विंडोजच्या पश्चिम युरोपीय कोडपेजवर २२९ म्हणजे डोक्यावर कडे असलेला 'ए'. त्यामुळे टी-एच-ई या तीन अक्षरांच्या शब्दाला डॉसमध्ये शेवटी सिग्मा दिसतो आणि विंडोजमध्ये कडेवाला 'ए'. फाइल बिघडलेली नसते, आपण ती चुकीच्या चष्म्यातून पाहत असतो.

तिसरी पायरी: थोडा मजकूर असेल तर पडद्यावरून

परिच्छेद-दोन परिच्छेदांसाठी फाइलचा खटाटोप करायची गरज नाही. डॉसबॉक्स-एक्सच्या मुख्य मेनूत सामायिक क्लिपबोर्डचा उपमेनू आहे. पडद्यावरचा सगळा मजकूर कॉपी करणे, माऊसने भाग निवडून कॉपी करणे, क्लिपबोर्डमधला मजकूर चिकटवणे आणि चालू असलेले चिकटवणे थांबवणे ही कामे तिथून होतात.

पडद्यावरून कॉपी करताना हे लक्षात ठेवावे की आपण फाइलची नव्हे, चित्राची नक्कल घेत आहोत. पडदा २५ ओळींचा आणि ८० स्तंभांचा असतो. त्यात वरचा मेनू आणि समासपट्टीही येते, म्हणून वर्डस्टारमधील मदतीची पातळी आधी ० किंवा १ वर आणावी. प्रत्येक ओळ शेवटी तुटलेली येते आणि दोन्ही समास सरळ राखण्यासाठी घातलेल्या जादा मोकळ्या जागाही सोबत येतात. वर्डस्टारच्या पडद्यावर अगदी उजव्या स्तंभात परिच्छेद जिथे खरोखर संपतो तिथे '<' हे चिन्ह दिसते. तेही कॉपी होते आणि लोक वैतागून ते पुसून टाकतात. पुसू नका. आधी ज्या ओळींच्या शेवटी हे चिन्ह नाही त्या पुढच्या ओळीला जोडा, मग चिन्हे काढा. परिच्छेद जसेच्या तसे परत मिळतात.

उलट दिशेने, म्हणजे आधुनिक क्लिपबोर्डमधून डॉसमध्ये चिकटवताना, डॉसबॉक्स-एक्स ती अक्षरे कळफलकावर कोणी भराभर टंकत असल्यासारखी पाठवतो. याचा अनपेक्षित फायदा असा की वर्डस्टार आपल्या समासानुसार ओळी स्वतःच मोडतो आणि पुढे समास बदलला तरी परिच्छेद नीट जुळतात. मधली काही अक्षरे गळत असतील तर संरचना फाइलमधील 'क्लिप', 'पेस्ट' आणि 'स्पीड' हे तीन शब्द अधोरेषेने जोडलेल्या नोंदीची किंमत वाढवावी. ती मुळात ३० असते, आणि नाव जरी वेगाचे असले तरी आकडा वाढवला की चिकटवणे सावकाश होते. चिकटवण्यापूर्वी वर्डस्टार घुसवण्याच्या पद्धतीत आहे ना, हे कंट्रोल आणि व्ही या कळांनी पाहून घ्यावे, नाहीतर आधीचा मजकूर खाल्ला जातो.

डॉसबॉक्स-एक्समध्ये आणखी एक सोय आहे. संरचना फाइलच्या डॉस विभागात क्लिपबोर्डचे उपकरण सुरू करण्याची नोंद असते. तिथे दोन्ही दिशांना परवानगी दिली की 'क्लिप' आणि पुढे डॉलरचे चिन्ह अशा नावाचे उपकरण डॉसला दिसू लागते. मग 'टाइप' आज्ञेचा निकाल त्या नावाकडे वळवला की फाइलमधला मजकूर थेट विंडोजच्या क्लिपबोर्डवर जातो. साध्या मजकूर फाइलींसाठी हे झकास आहे. वर्डस्टारच्या दस्तऐवज फाइलीसाठी मात्र नाही, कारण आठव्या बिटाचा सगळा पसारा तसाच क्लिपबोर्डवर जाऊन पडतो.

चौथी पायरी: वर्डस्टारची फाइल स्वच्छ करणे

संपूर्ण लेख किंवा मोठा भाग न्यायचा असेल तर तो आधी फाइलमध्ये काढावा. भागाच्या सुरुवातीला कंट्रोल दाबून के आणि मग बी, शेवटी कंट्रोल-के आणि मग के, अशा खुणा कराव्यात. नंतर कंट्रोल-के आणि डब्ल्यू दाबून पुलावरच्या फाइलचे नाव द्यावे. संपूर्ण दस्तऐवज हवा असेल तर फाइलची प्रत पुलावर ठेवली तरी पुरते.

आवृत्ती ५ ते ७ असेल तर सगळ्यात सोपा मार्ग छपाईचा आहे. छापताना प्रिंटर म्हणून 'आस्की' निवडावा आणि निकाल फाइलमध्ये पाठवावा. या आवृत्त्यांमधील प्रिंटरच्या वर्णनफाइलींचे विस्तारनाम पी-डी-एफ असते, त्यामुळे वर्डस्टारच्या फोल्डरमध्ये डझनभर पीडीएफ दिसले तर ते आजच्या पीडीएफ-वाचकात उघडायला जाऊ नये. छापील निकालात ओळी तुटलेल्या आणि पानांच्या हिशेबाने रिकाम्या ओळी घातलेल्या येतात, एवढा तोटा मात्र सोसावा लागतो.

आवृत्ती ३ किंवा ४ असेल तर फाइल स्वतः स्वच्छ केलेली बरी. पायथनसारख्या भाषेतला वीसेक ओळींचा प्रोग्राम त्यासाठी पुरतो. फाइल बाइट म्हणून उघडावी, मजकूर म्हणून नव्हे. यात क्रम फार महत्त्वाचा आहे, आणि इंटरनेटवर मिळणाऱ्या झटपट उपायांपैकी अनेक नेमके इथेच चुकतात.

१. २६ क्रमांकाचा पहिला बाइट शोधून तिथून पुढचे सगळे कापून टाकावे. सीपी/एम फाइलींची लांबी १२८ च्या पटीत मोजत असे, म्हणून वर्डस्टार उरलेली जागा २६ ने भरत असे. ती सवय डॉसमध्येही सोबत आली.

२. ३१, १४१ आणि १० हे तीन बाइट एकापाठोपाठ आले तर तिन्ही काढून टाकावेत. ही ओळीच्या शेवटी शब्द तोडणारी जोडरेघ आहे. ती काढली की तुटलेला शब्द सांधला जातो. एकटा ३० दिसला तर तोही काढावा, ती न वापरलेली जोडरेघ असते.

३. उरलेल्या प्रत्येक १४१ आणि १० या जोडीच्या जागी एक मोकळी जागा ठेवावी. १४१ म्हणजे १३ अधिक १२८. वर्डस्टारने स्वतः मोडलेली ओळ १४१ ने संपते, आणि लेखकाने एंटर दाबून संपवलेली ओळ १३ ने.

४. १६० हे बाइट सरसकट काढावेत, कारण समास जुळवण्यासाठी घातलेल्या या मऊ मोकळ्या जागा आहेत. वरच्या तिसऱ्या कामात जिथे दोन मोकळ्या जागा शेजारी आल्या असतील तिथे एक ठेवावी.

५. आता, आणि आताच, १२८ किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक बाइटमधून १२८ वजा करावेत.

पाचवे काम आधी केले तर १४१ चा १३ होतो आणि लेखकाचा एंटर कोणता व यंत्राचा कोणता हा भेद कायमचा नाहीसा होतो. मग तीनशे पानांच्या कादंबरीतले परिच्छेद हाताने शोधत बसावे लागते.

ठळक, अधोरेखित आणि तिरक्या अक्षरांच्या खुणा म्हणजे अनुक्रमे २, १९ आणि २५ हे बाइट. पहिल्यांदा आला की सुरुवात, दुसऱ्यांदा आला की शेवट. त्या नुसत्या पुसू नयेत. आधी त्यांच्या जागी तारका किंवा अधोरेषा घालावी, म्हणजे नव्या दस्तऐवजात ती अक्षरे पुन्हा ठळक किंवा तिरकी करता येतात. ओळीच्या आरंभी टिंब असलेल्या ओळी म्हणजे वर्डस्टारच्या आज्ञा. टिंब-पी-ए म्हणजे नवे पान, टिंब-ओ-पी म्हणजे पानाचा क्रमांक नको. या काढून टाकायला हरकत नाही. पण दोन टिंबांनी सुरू होणारी ओळ ही लेखकाची स्वतःसाठीची टीप असते, ती छापली जात नसे. अशा ओळी मी कधीही पुसत नाही. लेखकाच्या मनात त्या वेळी काय चालले होते, हे कधीकधी तिथेच सापडते.

वर्डपरफेक्टच्या बाबतीत इतकी मेहनत नाही. १९८९ मध्ये आलेल्या ५.१ आवृत्तीची फाइल लिबरऑफिस थेट उघडते, आणि ठळक व तिरकी अक्षरेही टिकतात. तिथून नेहमीसारखे कॉपी-पेस्ट करावे. एखादाच भाग हवा असेल तर आल्ट आणि एफ४ ने निवड सुरू करावी, शेवटापर्यंत जावे आणि एफ१० दाबून पुलावरच्या फाइलचे नाव द्यावे. साधा मजकूर हवा असेल तर कंट्रोल-एफ५, मग १ आणि पुन्हा १. कोलंबिया विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक एडवर्ड मेंडेलसन यांनी डॉसमधील वर्डपरफेक्ट आजच्या संगणकांवर चालवण्याविषयी फार बारकाईने माहिती जमवलेली आहे. वर्डपरफेक्टचे काम रोज करायचे असेल तर ती जरूर शोधावी.

पाचवी पायरी: फाइलमधून क्लिपबोर्डवर

मुळातच साधी असलेली इंग्रजी मजकूर फाइलही थेट उघडू नये, कारण तिच्यात १२७ च्या पुढची अक्षरे असू शकतात. अशा फाइलीत १३० म्हणजे वर तिरकी रेघ असलेला 'ई', आणि तो ४३७ च्या चष्म्यातूनच बरोबर दिसतो. लिनक्स आणि मॅकवर 'आयकॉन्व्ह' या आज्ञेला मूळ कोडपेज ४३७ आणि नवे यूटीएफ-८, म्हणजे आजचा सार्वत्रिक युनिकोड संकेत, असे सांगावे. निकाल मॅकवर 'पीबीकॉपी' कडे आणि लिनक्सवर 'एक्सक्लिप' किंवा 'डब्ल्यूएल-कॉपी' कडे वळवला की मजकूर क्लिपबोर्डवर हजर होतो.

विंडोजवर पॉवरशेलमध्ये डॉटनेटच्या फाइल वर्गातील 'रीड-ऑल-टेक्स्ट' ला फाइलचे नाव आणि ४३७ क्रमांकाचे एन्कोडिंग द्यावे, आणि निकाल 'सेट-क्लिपबोर्ड' कडे पाठवावा. फाइलचा मार्ग ड्राइव्हपासून पूर्ण लिहावा. पॉवरशेलमध्ये आपण ज्या फोल्डरमध्ये उभे आहोत तो फोल्डर डॉटनेटला ठाऊक नसतो, त्यामुळे अर्धवट मार्ग दिला तर फाइल डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही म्हणून उत्तर येते.

सहावी पायरी: आजचा मजकूर डॉसमध्ये नेणे

इथे अडचण उलटी असते. आजच्या मजकुरात अशी चिन्हे असतात जी ४३७ मध्ये नाहीतच. वळणदार अवतरणचिन्हे, लांब संयोगरेषा, एकाच अक्षरात बसवलेली तीन टिंबे, आणि २०१० मध्ये आलेले रुपयाचे चिन्ह ही त्यातली नेहमीची. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामवर विसंबू नये, तो बहुधा प्रश्नचिन्ह टाकून मोकळा होतो. आधी स्वतः बदल करावेत: अवतरणचिन्हे सरळ करावीत, लांब रेषेऐवजी दोन आखूड रेघा, टिंबे तीन स्वतंत्र, आणि रुपयासाठी पूर्वीसारखे आर-एस. मग कोडपेज बदलावे आणि दोन्ही फाइलींमधली प्रश्नचिन्हे मोजावीत. संख्या जुळली नाही तर काहीतरी गळले आहे, हे सहज कळते. एवढी साधी तपासणी फार थोडे लोक करतात.

ओळींच्या शेवटाचेही पाहावे लागते. लिनक्स आणि मॅक नुसता १० लिहितात, डॉसला १३ आणि १० दोन्ही लागतात. 'युनिक्स-टू-डॉस' हा छोटा प्रोग्राम ते काम करतो. वर्डस्टारसाठी मी एक पाऊल पुढे जातो. प्रत्येक परिच्छेद ६५ अक्षरांवर मोडून मधल्या ओळी १४१ आणि १० ने संपवतो, आणि परिच्छेदाची शेवटची ओळ तेवढी १३ आणि १० ने. अशी फाइल कंट्रोल-के आणि आर ने आत घेतली की वर्डस्टारला ती आपण स्वतःच लिहिल्यासारखी वाटते, आणि कंट्रोल-बी ने परिच्छेद हवा तसा पुन्हा जुळतो. साधी मोडलेली फाइल घेतली तर प्रत्येक ओळ हा स्वतंत्र परिच्छेद ठरतो आणि समास बदलताच मजकुराच्या चिंध्या होतात.

वर्डपरफेक्टने याची सोय स्वतःच केली आहे. कंट्रोल-एफ५, मग १, मग ३ दाबले की ओळींचे एकेकटे शेवट मऊ धरले जातात आणि रिकाम्या ओळी परिच्छेदांच्या सीमा ठरतात.

मराठी मजकूर असेल तर

मराठी डॉस फाइलींचा मामला निराळा आहे, आणि इथे चुकीची किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉसमध्ये देवनागरी दिसत असे. मजकूर इस्की या संकेतात साठवला जाई. त्याचे भारतीय मानक १९९१ चे आहे. इस्कीत आस्कीचे १२८ आकडे जसेच्या तसे आहेत आणि भारतीय लिपीची अक्षरे १६१ पासून पुढे आहेत. म्हणजे जो आठवा बिट वर्डस्टारला फक्त खूण वाटतो, त्याच बिटावर इथे आख्खी मराठी उभी आहे.

'मराठी' हा शब्द इस्कीत २०४, २०७, २१८, १९०, २२० असा लिहिला जातो: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. जिस्ट कार्ड नसलेल्या डॉसमध्ये हाच शब्द चौकटींचे दोन सांधे, दोन कोपरे आणि शेवटी खालून अर्धा भरलेला ठोकळा असा दिसतो. विंडोजच्या पश्चिम युरोपीय कोडपेजवर 'ठ' च्या जागी चक्क पाऊणचे चिन्ह येते. पाऊणची चिन्हे विखुरलेला मजकूर कोणी 'करप्ट' म्हणून टाकून देत असेल, तर त्याला थांबवावे.

मी एकदा याहून वाईट केले आहे. एका परिचितांच्या फ्लॉपींमध्ये इंग्रजी वर्डस्टारच्या बऱ्याच फाइली होत्या आणि त्यांत काही मराठी फाइली मिसळलेल्या होत्या. न पाहता मी सगळ्यांवर १२८ वजा करणारा प्रोग्राम चालवला. 'मराठी' चे इंग्रजी एल, ओ, झेड, '>' हे चिन्ह आणि उलटी तिरकी रेघ झाले. १२८ परत मिळवून पाहिले, पण मधले इंग्रजी शब्द, आकडे आणि विरामचिन्हे कोणती होती हे कळायला मार्ग उरला नव्हता. फ्लॉपीची अस्पर्श प्रत शिल्लक होती म्हणून निभावले. तेव्हापासून प्रत्येक फाइलची मूळ प्रत फक्त-वाचनीय करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्याशिवाय मी कामाला हात घालत नाही.

इस्की ओळखण्यासाठी १२७ च्या वरचे बाइट मोजावेत. जवळजवळ सगळे १६१ ते २५० या पट्ट्यात असतील, त्यात २१८ म्हणजे काना आणि २०७ म्हणजे र भरपूर असतील, तर ती इस्की आहे असे समजायला हरकत नाही. १२८ ते १६० या पट्ट्यात पुष्कळ बाइट सापडले तर ती सरळ इस्की नव्हे. डॉसची चौकटींची चिन्हे वाचवण्यासाठी अक्षरे इतरत्र हलवलेला पीसी-इस्की हा प्रकारही होता. तशा वेळी छापील प्रत शेजारी ठेवून अक्षरागणिक तक्ता करणे हाच खात्रीचा मार्ग आहे. श्री-लिपीसारख्या फॉन्टांत टंकलेल्या फाइली विंडोजच्या काळातल्या आहेत, त्यांचे शास्त्र वेगळे असल्याने इथले उपाय त्यांना लावू नयेत.

सरळ इस्कीचे रूपांतर सोपे आहे. विंडोजमध्ये ५७००२ हे कोडपेज देवनागरी इस्कीसाठीच आहे. पाचव्या पायरीत सांगितलेल्या पॉवरशेलच्या आज्ञेत ४३७ च्या जागी ५७००२ घातले की युनिकोड मराठी थेट क्लिपबोर्डवर येते. इतर प्रणालींवर आयसीयू या संचातील 'यूकॉन्व्ह' हा प्रोग्राम इस्की जाणतो. उलट दिशेने युनिकोडची इस्की करता येते, पण जिस्ट हे कार्ड होते आणि डॉसबॉक्समध्ये ते नाही, त्यामुळे त्या फाइलीचा उपयोग खऱ्या जुन्या संगणकापुरताच उरतो.

रूपांतर झाल्यावर वाचताना तीन ठिकाणी थांबावे. 'दऱ्या' आणि 'तऱ्हा' यांतला अर्धा र रफार होऊन तर बसला नाही ना, हे पाहावे. इस्कीत तो २०८ आणि पाय मोडणारा २३२ असा लिहिलेला असेल तर बरोबर येतो, टंकणाऱ्याने साधा २०७ वापरला असेल तर येत नाही. जिथे पाय मोडलेले अक्षर मुद्दाम दाखवले होते तिथे इस्कीत २३२ दोनदा येतो, आणि युनिकोडमध्ये पाय मोडणाऱ्या खुणेच्या पुढे न दिसणारा विलगक, म्हणजे अक्षरे जोडू न देणारे चिन्ह, येतो. शोध घेताना असा शब्द सापडला नाही तर कारण तेच असते. आणि इस्कीत १७४ क्रमांकावर 'ऍ' आहे, आज मराठीत आपण लिहितो तो 'ॲ' त्यात नाही. त्यामुळे जुन्या फाइलीतला प्रत्येक 'ऍडव्होकेट' तसाच येतो आणि 'ॲडव्होकेट' शोधणाऱ्याला तो कधीच भेटत नाही. सगळे तपासून झाल्यावर ही अदलाबदल एकदाच, संपूर्ण फाइलीत, करून टाकावी.